बखा घरी गेला. मग?

शेवटचं पान वाचून संपलं तेव्हा विहारात कुणीच काही बोललं नाही. मग मागच्या ओळीतला एक पोरगा म्हणाला, "दादा, पुढचं पान फाटलंय का?"

दोघं-तिघं हसले. तो हसत नव्हता. त्याने पुस्तक मागून घेतलं, शेवटून उलटून पाहिलं आणि पान फाटलेलं नाही हे बघून जास्तच चिडला. "एवढं सगळं सोसून तो घरी जातो? बस्स?"

मुल्कराज आनंद यांची 'अनटचेबल' आम्ही चार रविवार वाचत होतो. दोन पानं इंग्रजीतून वाचायची, मग आपल्या भाषेत सांगायची, मग वाद घालायचा. चौथ्या रविवारी वाद झाला नाही, सरळ भांडणच झालं. एक जण म्हणाला हे गांधीवादी पुस्तक आहे, आपल्या कपाटात ठेवायलाच नको. एका ताईने विचारलं, "आणि सोहिनीचं काय झालं?" तिला कुणी उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही, कारण माझ्याकडे नव्हतं. हा लेख त्या भांडणातून आला आहे.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बुलाशाह नावाचं एक गाव आहे, शेजारी लष्कराची छावणी. अठरा वर्षांचा बखा तिथले संडास साफ करतो. त्याचा बाप लखा सफाईवाल्यांचा जमादार. कादंबरी फक्त एका दिवसाची. सकाळी संडास, मग गाव. बाजारात बखा जिलेबी घेतो, त्या नादात एका सवर्णाला त्याचा धक्का लागतो, भर रस्त्यात थप्पड बसते, जिलेबी धुळीत. त्याची बहीण सोहिनी विहिरीपाशी घागर घेऊन कुणीतरी पाणी वाढेल म्हणून ताटकळत उभी असते. पुजारी काली नाथ तिला पाणी काढून देतो, देवळाचं अंगण झाडायला बोलावतो आणि तिच्या अंगाला हात घालतो. ती ओरडते तेव्हा 'बाटलो, बाटलो' म्हणून बोंब मारणारा तोच असतो. दुपारी बखाला भाकरी वरच्या मजल्यावरून फेकून मिळते. संध्याकाळी जखमी झालेल्या एका पोराला तो उचलून घरी पोचवतो, तर पोराची आई त्यालाच शिव्या घालते. घरी बाप हाकलतो.

आणि मग शेवट. दिवस मावळताना त्याच्या कानावर एकामागून एक तीन उत्तरं पडतात. साल्व्हेशन आर्मीचा पाद्री हचिन्सन येशूचं सांगतो. गोलबागेत गांधींची सभा होते, ती बखा झाडावर चढून ऐकतो. सभा सुटल्यावर एक बॅरिस्टर आणि एक कवी यांचा वाद त्याच्या कानावर येतो. कवी म्हणतो, यंत्र येईल, फ्लशचे संडास येतील, मैल्याला हात लावायची गरजच उरणार नाही आणि अस्पृश्यताही उरणार नाही. गांधी काय म्हणाले आणि तो कवी काय म्हणाला हे बापाला सांगू, असं मनाशी म्हणत बखा घराकडे चालू लागतो. कादंबरी संपते.

मी कॉलेजात असताना हे पहिल्यांदा वाचलं. आमचे प्राध्यापक म्हणाले, हा खुला शेवट आहे, लेखकाने वाचकावर सोडलं आहे, हीच कला. वर्गात माना डोलल्या. माझ्या पोटात मात्र गोळा आला होता, आणि तो का आला हे सांगायला शब्द नव्हते. सर म्हणतात म्हणजे मलाच साहित्य कळत नसेल, असं समजून मी वहीत 'खुला शेवट' लिहून घेतलं. परीक्षेत तेच लिहिलं. मार्क चांगले पडले.

आज त्या पोराला मी तसं सांगितलं नाही. खुला शेवट कुणाला आवडतो? ज्याच्या घरी शेवट झालेला आहे त्याला. पुस्तक मिटून तो आपल्या बंद दाराच्या घरात जातो, आणि थोडी अस्वस्थता त्याला पानावर चुना लावल्यासारखी चव देते. ज्याच्या घरी तोच प्रश्न रात्री जेवायला बसतो, त्याने त्या अस्वस्थतेचं कौतुक करायचं? तो चिडणार. त्याने चिडलंच पाहिजे. 'फॅन्ड्री'च्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड आपल्याकडेच आला, तेव्हा थिएटरात काही जण टाळ्या वाजवत होते आणि काही जण गप्प होते. गप्प राहणाऱ्यांना सिनेमा कळला नव्हता, असं कुणी म्हणेल का?

पण चिड आली म्हणून पुस्तक कपाटाबाहेर फेकायचं, हेही मला पटत नाही. बाबासाहेबांनी आपल्या विरोधकांची पुस्तकं वाचली, समासात रेघा मारून वाचली. आपणही चिडून मोकळं न होता चिडीचं कारण शोधू. तीन उत्तरं आहेत ना? एकेक घेऊ.

पाद्रीचं उत्तर कादंबरीतच मोडतं, त्यावर वेळ घालवायला नको. येशू कोण हे बखाला कळतच नाही, आणि बंगल्यावर पाद्रीच्या बायकोचं तोंड सुटतं तेव्हा तो पळ काढतो.

गांधींचं उत्तर थांबून बघण्यासारखं आहे. हे भाषण पुणे करारानंतरच्या काळातलं आहे. सरकारने स्वतंत्र मतदारसंघ देऊन अस्पृश्यांना हिंदूंपासून तोडायचा प्रयत्न केला, ही तक्रार त्यात येते. ऐका नीट. स्वतंत्र मतदारसंघाचा उल्लेख आहे. ते ज्याने लंडनच्या गोलमेज परिषदेत भांडून मिळवले आणि २४ सप्टेंबर १९३२ ला एका उपोषणापुढे सोडून दिले, त्या माणसाचं नाव नाही. पुढे गांधी म्हणतात, पुनर्जन्म असेल तर मी अस्पृश्य म्हणून जन्मेन. आश्रमातला एक ब्राह्मण मुलगा झाडूचं काम कसं करतो हेही सांगतात. मग अस्पृश्यांना उपदेश: दारू सोडा, जुगार सोडा, मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं घेऊ नका.

इथे कादंबरीत एक जागा आहे. मी कॉलेजात ती वाचून गेलो होतो, पण दिसली नव्हती. हा उपदेश ऐकताना बखाला वाटतं की हे तर आता आपल्यालाच दोष देत आहेत आणि हा न्याय नव्हे. झाडावर बसलेला, शाळेचं तोंड न पाहिलेला, सकाळपासून मार खाल्लेला पोरगा मनातल्या मनात महात्म्याला हरकत घेतो. क्षणभरच. मग गर्दीच्या भक्तीत ती हरकत विरून जाते. पण ती आहे, आणि लेखकाने ती लिहिली आहे. 'गांधीवादी पुस्तक' म्हणणाऱ्या मित्राला मी ते पान काढून दाखवलं. तो म्हणाला, "मग त्याने ते मोठ्याने का नाही म्हटलं?" प्रश्न बरोबर आहे. उपासमारीच्या छायेत वाढलेलं पोर मोठ्याने म्हणायला एकटं कधी उभं राहतं? त्याच्या बाजूला कुणीतरी उभं असावं लागतं. मुल्कराज आनंद यांनीच नंतर सांगितलं आहे की साबरमती आश्रमात राहून, गांधींच्या सूचना ऐकून त्यांनी हस्तलिखितात काटछाट केली. त्या गोलबागेत बखाच्या बाजूला कुणाला उभं करायचं आणि कुणाला नाही, याचा निर्णय बखाचा नव्हता.

आता यंत्र. मुल्कराज आनंद यांचा जीव या उत्तरात जास्त आहे असं मला वाटतं, आणि खरी चूकही इथेच आहे. कवीचा युक्तिवाद असा: कायद्याने जातीचा पाया ढिला झालाच आहे, आता जात उरली ती धंद्यापुरती. धंदा बदलला की जात गेली.

मित्रांनो, हे किती वेळा ऐकलंय आपण? शिका, नोकरी लागू द्या, शहरात जा, आपोआप जाईल. आजही कार्यालयातले सद्गृहस्थ हेच सांगतात. यातलं खोटं उघडं पडायला १९३५ ची वाट बघायची गरजच नव्हती. त्याच्या अठरा वर्षं आधी, १९१७ साली, बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन पाहून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले होते. धंदा बदललेला होता. झाडू हातात नव्हता, हातात फाइली होत्या. शिपाई त्या फाइली लांबून टेबलावर टाकत. प्यायला पाणी मिळत नव्हतं, राहायला घर मिळत नव्हतं. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं, तर लाठ्या घेऊन लोक दारात आले. जगातल्या मोठ्या विद्यापीठाने दिलेली पदवीसुद्धा त्या दारात चालली नाही, आणि हा कवी म्हणतो फ्लश चालेल!

कादंबरीनंतर एका वर्षाने, १९३६ साली, लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने जे भाषण होऊ दिलं नाही आणि बाबासाहेबांनी जे स्वखर्चाने छापलं, त्यात याचं उत्तर आहे: जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. ही एक गोष्ट डोक्यात ठेवून 'अनटचेबल'ची शेवटची पानं वाचा. कवी श्रमाबद्दल बोलतोय. बखा मात्र दिवसभर श्रमाने दमलेला नाही, तो श्रमिक म्हणून हाणला गेलाय. संडास साफ करण्याचं काम तो उलट निगुतीने करतो. हवालदार चरत सिंग त्याचं काम बघूनच त्याला हॉकी स्टिक कबूल करतो. थप्पड काही संडासात बसली नाही, बाजारात बसली. त्या वेळी त्याच्या हातात जिलेबी होती.

आणि हो, ताईचा प्रश्न. सोहिनीचं काय झालं?

मी पुन्हा शेवटची पानं चाळली. शेवटच्या त्या तीन उत्तरांत सोहिनी कुठेच नाही. पाद्रीच्या येशूत नाही, गांधींच्या उपदेशात नाही, कवीच्या यंत्रात तर नाहीच. समजा उद्या बुलाशाहच्या प्रत्येक घरात फ्लश आला. काली नाथचे हात थांबतील? तिला शिवताना त्याला विटाळ आडवा आला नव्हता, ती ओरडली तेव्हा आला. मैला काढणारं यंत्र असेल, पण ज्या हक्काने तो हात पुढे आला तो हक्क काढणारं यंत्र कुठल्या कारखान्यात बनतं? ताई म्हणाली, "दादा, तो घरी जाऊन बापाला गांधींचं सांगणार, मशीनचं सांगणार. बहीण त्याच घरात बसलीय. तिला काय सांगणार?" बाकी सगळ्यांचा राग बखासाठी होता. हिचा राग मला जास्त खोलवरचा वाटला. खरं तर शेवट तिथेच अस्वस्थ करतो, आणि आपण पुरुष ते पान ओलांडून पुढे जातो.

विहिरीची जागाही तशीच. सोहिनी हात जोडून पाण्यासाठी थांबते. कादंबरीच्या आठ वर्षं आधी, २० मार्च १९२७ ला, महाडला आपल्या माणसांनी चवदार तळ्याचं पाणी स्वतःच्या ओंजळीने घेतलं होतं. मुल्कराज आनंद लंडनमध्ये होते म्हणून त्यांना ठाऊक नसेल असं समजून घ्यायला मी तयार आहे, पण मतदारसंघांचं ठाऊक होतं ना? जिथे आपण आपल्या हाताने काही मिळवलं ते कादंबरीत शिरत नाही. जिथे कुणी आपल्याला काही देतं तेवढंच शिरतं. हा एका लेखकाचा दोष नाही, सवर्ण सहानुभूतीची ही जुनी सवय आहे. सहानुभूती खरी असते. थप्पड, भाकरी, विहीर, सगळं खरं उतरतं, आणि त्याबद्दल मी या पुस्तकाला मानतो. त्या काळात एवढं लिहायला छाती लागत होती. एकोणीस प्रकाशकांनी नाकारलेलं पुस्तक आहे हे. पण उत्तर शोधायची वेळ आली की सहानुभूतीवाल्यांना स्टेजवर आपली माणसं दिसेनाशी होतात.

कादंबरी १९३५ ची. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. बखा गोलबागेच्या झाडावर बसून दुसऱ्यांची उत्तरं ऐकत होता, आणि येवल्याला हजारो लोक आपल्या माणसाचं उत्तर ऐकत होते. 'अनटचेबल' वाचल्यावर पोटात जो गोळा येतो तो त्यामुळे येतो, हे मला आता कळतं. तीन दारं दाखवली जातात. चौथं दार आहे हे आपल्याला माहीत असतं, बखाला माहीत नसतं, आणि आपण पानाच्या या बाजूने त्याला ओरडून सांगू शकत नाही.

कुणी म्हणालं, निदान त्याने झाडू मोडायला हवा होता. नाही पटत. झाडू मोडला असता तर टाळी मिळाली असती आणि आपण समाधानाने उठलो असतो. तो गोंधळलेला घरी जातो हे मला खरं वाटतं. त्या दिवशी त्याच्या कानावर जे पडलं त्यातून त्याने दुसरं काय करायचं होतं? त्याच्या गोंधळाला खोटं म्हणू नका. खोटं काही असेल तर ती तीनच वक्त्यांची यादी.

शिवाय बखाकडे सकाळी स्वतःचं एक उत्तर होतं. त्याकडेही कुणाचं लक्ष जात नाही. त्याला शिकायचं असतं. शाळा त्याच्यासाठी बंद, कारण बाकीच्या पोरांच्या आईबापांना त्याचा स्पर्श चालणार नाही. तरी त्याने इंग्रजीचं पहिलं पुस्तक विकत आणलं होतं, पण मुळाक्षरांच्या पुढे गाडी सरकली नाही. मग तो छावणीतल्या बाबूच्या पोराला गाठतो आणि म्हणतो, मला शिकव, एका धड्याला एक आणा देईन. अठरा वर्षांचा तरुण एका शाळकरी पोराला शिकवणी मागतो आणि फी ठरवतो! हे वाचून मला रडू आलं होतं, सांगायला लाज नाही. संध्याकाळी त्याच घरातलं धाकटं पोर जखमी होतं, बखा त्याला उचलून नेतो, शिव्या खातो, आणि शिकवणी राहून जाते. घरी जाताना त्याच्या डोक्यात महात्मा आहे, यंत्र आहे, तो एक आण्याचा धडा मात्र नाही. दिवसभराच्या माराने त्याचं स्वतःचं उत्तर त्याच्याच डोक्यातून पुसलं. थपडेपेक्षा मला हे भयंकर वाटतं.

आता यंत्राचा हिशेब. फ्लश आले. १९९३ चा कायदा आला, कोरडे संडास बंद. २०१३ चा कायदा आला, साधनांशिवाय गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला बंदी. २७ मार्च २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना १० लाख द्या. २० ऑक्टोबर २०२३ ला रक्कम ३० लाख केली. भाव वाढवावा लागला, कारण मरणं थांबलं नव्हतं. बखा संडासाच्या बाहेर उभा राहून साफ करत होता. फ्लशने मैला जमिनीखाली नेला आणि त्याच्या मागोमाग बखालाही खाली नेलं. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये वासुदेव पवार नावाचा माणूस मॅनहोलमध्ये मरतो आणि खटला चालतो तो शाहिरावर. हा सिनेमा पाहिला नसेल तर पाहा, त्याचाही शेवट तुम्हाला चिडवेल.

पान फाटलंय का विचारणारा जो पोरगा होता, त्याचे वडील ठेकेदाराकडे ड्रेनेजच्या कामावर आहेत. हे मला ठाऊक होतं, बाकीच्यांना नव्हतं. निघताना तो पुस्तक घरी घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात परत आणलं तेव्हा मी विचारलं, पुन्हा वाचलं का. म्हणाला, "बाबांना सांगितली पूर्ण गोष्ट. तीन दिवस लागले. ते रात्री पडल्या पडल्या ऐकायचे."

"काय म्हणाले?"

"शेवट ऐकून म्हणाले, दुसऱ्या दिवशी कामावर गेला का तो? मी म्हटलं, पुस्तकात नाही. तर म्हणाले, गेला असंल. तो नाही गेला तर बापाला बोलावतील."

एवढं सांगून त्याने पुस्तक कपाटात लावलं. ज्याला ते कपाटात नको होतं, त्यानेच ते सरकवून जागा करून दिली.

येत्या रविवारी आपण 'मुक्ती कोन पथे?' सुरू करतोय. ३१ मे १९३६, दादरचं भाषण. सकाळी दहाला बसू. येणाऱ्यांनी वही आणावी, आणि ताईने सांगितलंय की या वेळी घरातल्या बहिणींनाही सोबत आणा.